डाव्या हाताचं रील

आमच्या घरात मासे खायचे, पण माशांबद्दल घराबाहेर बोलायचं नाही, असा नियम होता. तो मला कोणी समोर बसवून सांगितला नव्हता. घरात वावरता वावरता जे कळतं त्यातलंच ते एक. बाबा रस्ते आखणारे इंजिनिअर होते. शुक्रवारी ऑफिसातून येताना ते वाट वाकडी करून एका व्हिएतनामी माणसाच्या दुकानात जायचे. आम्ही राहायचो त्या सिडनीतल्या कॅसल हिलमध्ये माशांची दुकानं नव्हती असं नाही, पण तिथे ओळखीचं कोणीतरी भेटलं असतं. त्या लांबच्या दुकानात ते अख्खा मलेट घ्यायचे. कल्ले उचलून बघायचे, पोटावर अंगठा दाबायचे आणि मासा पटला नाही तर एक शब्द न बोलता पुढचा उचलायचे. दुकानदार त्यांच्याशी कधी वाद घालत नसे. आई वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स होती. शिफ्ट संपवून आली की आंघोळ करून, केस वर बांधून थेट कालवणाला लागायची. मसाला वेसाव्याहून यायचा, जॅमच्या बाटलीत, तीन पिशव्यांत गुंडाळून. आमच्या कालवणात नारळ नाही, कांदा नाही. नुसता मसाला, चिंचेचा कोळ आणि ठेचलेला लसूण. तांदळाची भाकरी थापल्याचा थप थप आवाज, टीव्हीवर क्रिकेट, आणि बाबांचं माशाचं डोकं चोखणं. ते डोकं खाताना कोणाशी बोलत नसत. काटे ताटाच्या कडेला एका रांगेत लावून ठेवत, एकही मोडलेला नसे.

आणि अशात बेल वाजली, दारात मराठी मंडळातलं कोणी असलं, की आई एका हाताने एक्झॉस्ट फॅन लावायची, दुसऱ्या हाताने उदबत्ती. आमच्या मंडळात बहुतेक पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि आयटीवाले होते. त्यातले निम्मे तरी मासे खायचे, म्हणजे प्रश्न खाण्याचा नव्हताच. नवीन कोणी भेटलं की विचारायचं, "तुम्ही मूळचे कुठले?" बाबा म्हणायचे, "मुंबई." "मुंबईत कुठे?" "अंधेरी साइडला." मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, अंधेरी साइड हेच त्या गावाचं पूर्ण नाव आहे.

खरं तर बाबा वेसाव्याच्या कोळीवाड्यातले. माझ्या आजोबांची होडी होती. बाबा दहावीपर्यंत पहाटे उठून जाळी दुरुस्त करायचे आणि मग शाळेत जायचे, वर्गात मागच्या बाकावर बसायचे. मागे का, तर पुढच्या मुलांनी बाईंना सांगितलं होतं, याला वास येतो. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही गाडी चालवताना, माझ्याकडे न बघता. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर एक आडवा वण होता, चामडं जरा चकाकायचं तिथे. मंडळात कोणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लागलं. तो गळाच्या दोराने कापल्याचा वण होता.

मी मासेमारीकडे वळले ती आमच्या शेजारणीमुळे. शेरिल स्कूल बस चालवायची. तिच्या गराजमध्ये दोन कयाक, म्हणजे एका माणसाच्या अरुंद होड्या, टांगलेले असत, एक हिरवा आणि एक उन्हाने विटलेला पिवळा. नवरा गेल्यापासून पिवळा रिकामाच होता. मी दहावीत असताना तिने मला सहज विचारलं, "हात मजबूत आहेत का तुझे?" आणि त्या शनिवारी मी तिच्यासोबत कोलो नदीवर होते. आमच्या घरापासून तासाभरावर ती नदी आहे. दोन्ही बाजूंना पिवळट दगडाचे उंच कडे, खाली वाळू, पाण्यावर वाकलेली झाडं. उन्हाळ्यात सिकाडा किडे इतके ओरडतात की बोललेलं ऐकू येत नाही. ते किडे फांदीवरून पाण्यात पडतात आणि खाली बास नावाचा मासा वाट बघत असतो. शेरिलने किड्यासारखा दिसणारा छोटा ल्युअर, म्हणजे गळ लावलेलं खोटं आमिष, फांदीखाली टाकला, दोन क्षण तसाच ठेवला, जरासा हलवला. पाणी फुटलं. एवढ्याशा माशाने एवढा आवाज करावा! आणि तो पळाला थेट बुडालेल्या ओंडक्याकडे, कारण ओंडक्यात दोरा अडकला की तो सुटलाच. शेरिलने त्याला रोखलं, वर आणलं, ओल्या हाताने धरलं, मला दाखवलं आणि सोडून दिलं. मी त्याच दिवशी ठरवलं की मला हे यायला हवं.

घरी मी सांगायचे, शेरिलबरोबर कयाकिंगला जाते. बाबांना ते आवडायचं. व्यायाम होतो, अभ्यासातून डोकं मोकळं होतं. मी अर्धं खरं बोलत होते. तीन-चार महिने ते चाललं. मग एका संध्याकाळी जेवताना मी बाबांना लोणच्याची बाटली द्यायला हात पुढे केला आणि त्यांनी बाटलीऐवजी माझं मनगट धरलं. हात नाकाजवळ नेला. मी साबणाने दोनदा हात धुतले होते.

"हा वास कुठून आला?"

"बास," मी म्हटलं.

"बास काय बास? मी विचारतोय तुला."

"माशाचं नाव आहे ते, बाबा. बास."

आई हसू आवरायला उठून फ्रिजकडे गेली. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझा हात सोडला, ताटातला भात एका बाजूला केला आणि म्हणाले, "कुठेय मग तो मासा?"

"सोडून दिला. आम्ही सोडतो. कॅच अँड रिलीज."

"धरतेस आणि सोडतेस?"

"हो."

"कशाला?"

सोळाव्या वर्षी उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. मला आवडतं, माझा शनिवार आहे, माझे मार्क कमी झालेत का, वगैरे. बाबा शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "दोन पिढ्या लागल्या आम्हाला त्या होडीतून खाली उतरायला. तुला कोणी ढकललं नाही, भूक नाही, आणि तू हौसेने परत चढून बसलीस." ते हात धुवायला उठले. ताटात मासा अर्धा तसाच होता. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मी जायचं थांबवलं नाही. तेव्हापासून मात्र सांगून जायला लागले. सकाळी मोठ्याने म्हणायचे, "मासे धरायला जाते," आणि दार लावायचे. मागे वळून बघितलं तर आता मला माझंच थोडं हसू येतं; पण ते दार मी पुन्हा तसंच लावीन.

इथे एक सांगून टाकते. माझा मुलगा विचारतो, "मॉम, हू इज गोइंग टू रीड धिस इन मराठी?" तो इथला, त्याला ही लिपी वाचता येत नाही. मी त्याला सांगते की ज्यांच्यामुळे हे सगळं झालं ते मराठीतच चुकले आणि मराठीतच भांडले. इंग्रजीत लिहिलं तर ते सुटून जातील. ते मला नको आहे.

त्याच हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलै-ऑगस्टात, मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात कोळीनृत्य बसवायचं ठरलं. ते दर दोन-तीन वर्षांनी व्हायचंच. नीलाकाकू बसवत होत्या. त्या भूलतज्ज्ञाच्या पत्नी, स्वतः दातांच्या डॉक्टर, स्वभावाने अत्यंत प्रेमळ. आई आजारी पडली तेव्हा आठवडाभर डबा आणून देणाऱ्या. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते कोणा दुष्ट बाईबद्दल नाही. त्यांनी मला पुढच्या रांगेत घेतलं. म्हणाल्या, "तू कयाक करतेस ना, मग वल्हं मारायची ॲक्शन तुलाच नीट जमेल." तालमी त्यांच्या डबल गराजमध्ये व्हायच्या. गाड्या बाहेर काढायच्या, हीटर लावायचा, मधोमध सगळ्या मुली. टोपल्या प्लॅस्टिकच्या, मासे थर्माकोलचे, चंदेरी रंग दिलेले. मी एकटी ती टोपली डोक्यावर हात न लावता धरू शकायचे. काकू म्हणायच्या, "बघा, जुई बघा, किती नॅचरल!"

तिसऱ्या तालमीला त्यांनी एक गंमत घातली. आम्ही मुलींनी टोपल्या घेऊन ठसक्यात यायचं, मुलांनी ऑफिसला निघालेल्या बाबूंसारखं समोरून यायचं, आणि आम्ही जवळ आलो की नाक धरून, तोंड वेडंवाकडं करून मागे सरायचं. मग आम्ही त्यांच्या अंगावर टोपली झटकायची. लोक हसतील, काकू म्हणाल्या. मुलं लगेच नाक धरून दाखवायला लागली. माझ्यासमोरचा मुलगा, वेदांत, बारावीत होता, चांगला मुलगा, गणितात मला मदत करायचा. त्याने नाक धरलं, डोळे फिरवले आणि मेल्यासारखा भिंतीवर पडला. सगळे खूप हसले.

मी टोपली खाली ठेवली. "मी हे करणार नाही," मी म्हटलं.

"का गं? पायाला लागलं?"

"नाही. नाक धरायचं ते काढा."

"अगं, गंमत आहे ती."

"कोणाची?"

काकूंना प्रश्न समजला नाही. खरंच समजला नाही. त्या म्हणाल्या, "कोणाची म्हणजे? कोळणींची. मासळीचा वास येतोच ना, त्यात काय एवढं?"

"माझी आजी मासे विकायची," मी म्हटलं. "आईची आई. तिच्यासमोर कोणी असं नाक धरलं असतं तर तिने त्याला अर्धा बाजार पळवला असता. बाबांच्या वडिलांची होडी होती. आम्ही कोळी आहोत, काकू. वेसाव्याचे."

वेदांतने नाकावरचा हात काढला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. नीलाकाकू माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी अगदी मायेने, मला बरं वाटावं म्हणून, ते वाक्य म्हटलं. "अय्या! पण तुम्ही तसे वाटत नाही हं."

"तसे म्हणजे कसे?"

मी डोक्यातला वेणीचा गजरा काढला, तोही प्लॅस्टिकचाच होता, टोपलीत ठेवला आणि चालत घरी निघाले. वीस मिनिटांचं अंतर होतं. माझे कान तापले होते आणि मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटत होता. मला एकदाही वाटलं नाही की घरी फोन माझ्याआधी पोचेल.

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर काही नव्हतं, पेपर नाही, चहा नाही. आई ओट्याशी उभी.

"तुला कोणी विचारलं होतं?" बाबा म्हणाले.

"नाही."

"मग?"

"कोणी विचारत नव्हतं म्हणूनच सांगितलं. ते नाक धरत होते, बाबा. तुझ्यासमोर स्टेजवर धरणार होते. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या असत्यास?"

"वाजवल्या असत्या," ते म्हणाले. "वीस वर्षं वाजवतोय. ते सांगायचं की नाही, कधी सांगायचं, कोणाला, हे माझं होतं. तुझं नव्हतं ते. मागच्या बाकावर मी बसलो होतो. तू नाही."

हे त्यांचं म्हणणं मी आयुष्यात अनेकदा उलटसुलट करून पाहिलं आहे. ते बरोबर होते. मीही चूक नव्हते. या दोन गोष्टी एकमेकींना अजून खोडत नाहीत, आणि आता मी त्या तशाच राहू दिल्या आहेत.

बोलली ती आई. ओटा पुसायचं फडकं तिने नळावर टाकलं. "तुमचं एकट्याचं कसं?" ती बाबांना म्हणाली. "माझंही होतं ना ते? माझ्या वॉर्डात पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सांगितलं मी, माय मदर सोल्ड फिश. फिलिपिनो पोरी म्हणाल्या, अगं आमचीही. सफाईवाल्या मारियालाही माहीत आहे. या अख्ख्या सिडनीत फक्त मराठी माणसांना माहीत नाही. त्यांच्यासाठीच उदबत्त्या जाळते मी. कंटाळा आला मला त्या वासाचा." आणि ती झोपायला निघून गेली, कारण तिची सकाळची शिफ्ट होती.

दुसऱ्या दिवशी नीलाकाकूंचा फोन आला. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. त्यांनी माफी मागितली असावी, नाक धरायचं काढलं असं सांगितलं असावं. मग त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, कारण बाबा म्हणाले, "नाही. मी मुलांना जाळं टाकायला शिकवणार नाही. तुमच्याकडे जाळं आहे का? नाही ना. मग." आणि फोन ठेवला. त्या वर्षी आम्ही कार्यक्रमाला गेलो नाही. बाबा माझ्याशीही बोलत नव्हते. बोलत नव्हते म्हणजे मीठ दे, लाइट बंद कर, एवढंच. चार आठवडे.

सप्टेंबरात नदीवरचा बासचा हंगाम उघडतो. शेरिल आपला जादाचा रॉड, म्हणजे मी वापरायचे ती गळाची काठी, पुतण्याला देणार होती; रॉड आधीच जुना होता आणि माझ्या हाताला लांबही पडायचा. मी बेकरीत शनिवार-रविवारच्या दुपारी काम करून पैसे जमवले होते. एक रॉड आणि दोरा गुंडाळायचं एक रील, पण ते नीट, मनासारखं घ्यायचं होतं. माझं ड्रायव्हिंग तेव्हा शिकाऊ, शेजारी मोठं माणूस हवं. आई येणार होती, तिला ऐन वेळी शिफ्टला बोलावलं. बाबांनी माझ्याकडे न बघता किल्ली उचलली. "चल," म्हणाले. "पण मी आत येणार नाही."

दुकान विंडसर रोडवर होतं. आत शिरल्यावर रबराचा आणि नव्या दोऱ्याचा वास. काउंटरवरचा माणूस तिशीचा, दाढीवाला, वाईट नव्हता. मी त्याला सांगितलं, बास, कयाकवरून, फांद्यांखाली टाकायचं. तो सरळ एका स्टँडकडे गेला आणि त्याने मला जांभळट-गुलाबी रंगाचा तयार सेट दाखवला. "मुली हा नेतात," म्हणाला. "रील खाली लटकणारं, सोपं. डोक्याला ताप नाही."

"मला बेटकास्टर बघायचंय," मी म्हटलं. हे रील रॉडच्या वरच्या बाजूला बसतं. दोरा सुटत असताना त्यावर आपला अंगठा असतो. अंगठ्याने जरा दाबलं की ल्युअर हवेतच थांबतो, हवा तिथे पडतो. फांदीखालच्या हातभर जागेत टाकायचं असेल तर याच्यासारखं दुसरं नाही. अंगठा चुकला मात्र, तर दोऱ्याचा असा गुंता होतो की सुटता सुटत नाही.

"ते शिकायला फार वेळ लागतो, लव्ह," तो म्हणाला.

"आहे माझ्याकडे वेळ. आणि हँडल डाव्या बाजूला हवं."

"तू डावखुरी आहेस?"

"नाही. उजव्या हाताने टाकणार, डाव्याने गुंडाळणार."

"लोक उजव्या हँडलचंच घेतात. टाकून झालं की हात बदलायचा. सवय होते."

"हात बदलेपर्यंत मासा झाडाच्या मुळांत शिरला," मागून आवाज आला. मराठीत. बाबा दारात उभे होते, हातात गाडीची किल्ली. त्यांना तहान लागली होती की उकडत होतं, मला माहीत नाही; त्यांनीही कधी सांगितलं नाही. ते पुढे आले आणि तेच वाक्य त्यांनी त्या माणसाला इंग्रजीत ऐकवलं. मग मी निवडून हातात धरलेला रॉड घेतला, साडेपाच फुटी. टोक छताकडे करून हलवला, कान जवळ नेला. बोटांनी दोरा ओवायच्या कड्या चाचपल्या. "हाच का?"

"आखूड आहे. झाडाखाली बसून फिरवायला बरा."

"बसूनच टाकणार ना? मग उभी राहून काय बघतेस? खाली बस."

"इथे?"

ते स्वतःच बसले. इस्त्रीच्या पँटमध्ये, दुकानाच्या मधोमध, पाय समोर पसरून, पाठ ताठ. मीही बसले. दोन गिऱ्हाइकं आम्हाला वळसा घालून गेली. बाबांनी दुकानदाराकडून रॉडला दोरा ओवून घेतला, एक लांबट खोका माझ्या पायांपुढे ठेवला आणि म्हणाले, "ही तुझ्या होडीची नाळ, पुढचं टोक. मी मासा." आणि दोरा धरून ते गुडघ्यांवर खोक्याच्या पलीकडे गेले, या बाजूने त्या बाजूला. माझ्या आखूड रॉडचं टोक खोक्यापर्यंत पोचेना. दोरा कडेवर घासायला लागला. "तुटला," ते म्हणाले. "गेला मासा. सात फुटी घे."

"सात फुटी फांद्यांत अडकतो."

"मग अडकव, सोडव."

"आणि याची मूठ बघ ना बाबा. लांब मूठ लाइफ जॅकेटमध्ये अडकते. तुमच्या होडीत लाइफ जॅकेट नव्हतं."

ते थांबले. "नव्हतं," म्हणाले. त्यांनी मूठ माझ्या पोटाजवळ धरून पाहिली. दुकानदाराने एव्हाना स्वतःहून एक सहा फुटी आणला होता, मूठ छोटी, टोक नरम, खालचा भाग ताठ. मी बसल्या बसल्या तो फिरवला. बाबा पुन्हा मासा झाले. टोक खोक्यापलीकडे पोचलं. तोच घ्यायचा ठरला.

"डाव्या हँडलचं रील मागवावं लागेल, दहाएक दिवस," दुकानदार म्हणाला. "आणि खरंच सांगतो, सर, सुरुवातीला तिचा फार गुंता होईल."

बाबा पँट झटकत उठले. "शी इज फ्रॉम अ फिशिंग फॅमिली," ते म्हणाले. चांगल्या मोठ्या आवाजात. "गुंता सोडवता न येणारं आमच्यात कोणी जन्मलं नाही." हे शेवटचं मराठीत. दुकानदाराने मान डोलावली.

गुंता झालाच. पहिले दोन शनिवार मी मासे कमी आणि दोरा जास्त धरला. बाबा रोज संध्याकाळी टेबलाशी बसून तो सोडवायचे, सुई लागत नसे, नुसत्या नखांनी. मलाही त्यांनी बसवून शिकवलं, ओढायचं नाही, सैल करत जायचं. तिसऱ्या शनिवारी ते नदीवर आले. पाण्यात उतरणार नाही म्हणाले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूवर उभे राहिले, लांब कड्याखाली बेलबर्ड पक्षी टिंग टिंग करत होते, आणि मी समोरच्या काठाला वाकलेल्या एका फांदीखाली ल्युअर टाकला. अंगठा बरोबर दाबला गेला. पाणी फुटलं. मासा ओंडक्याकडे निघाला. माझा डावा हात आधीच हँडलवर होता. मी रोखला तसा तो कयाकच्या नाळेपुढून पलीकडे गेला आणि काठावरून आवाज आला:

"सोरू नको! सोरू नको गो पोरी, वर धर, वर!"

ही भाषा मी त्यांच्या तोंडून फक्त वेसाव्याच्या फोनवर ऐकली होती, तीही दार लावून. आता ती कड्यावर आपटून परत येत होती. दोन कयाकवाले वळून बघत होते. बाबांना त्यांचं भान नव्हतं. मी रॉड नाळेपलीकडे नेला, मासा फिरला, थकला, हाताशी आला. कांस्याच्या रंगाचा, पाठ गडद, रागीट डोळा. मी तो ओल्या हातात उचलून त्यांना दाखवला. ते पाण्यात घोट्यापर्यंत आले होते. मग मी तो खाली धरला, त्याने दोन श्वास घेतले आणि मी हात उघडला.

"काय केलंस?"

"सोडला."

"तो ठेवायच्या मापात बसत होता!"

"बसत होता. मला नव्हता ठेवायचा."

मी काठाला आले तेव्हा ते म्हणाले, "मासा खेळणं नाही, जुई. खायचा नसेल तर त्याच्या तोंडात लोखंड घालू नये."

"मला पटत नाही."

"मलाही तुझं पटत नाही."

आम्ही गाडीवर कयाक बांधला. दोराच्या गाठी त्यांनी मारल्या. अर्ध्या रस्त्यात म्हणाले, "शेरिलला विचार, तिचा हिरवा रिकामा असतो का. मी येतो पुढच्या वेळी. मला दांडा-बिंडा लागत नाही. आणि मी धरला तर मी खाणार."

त्यांनी लायसन्स काढलं, लाइफ जॅकेट घेतलं आणि नुसता हाताने धरायचा दोर आणि गळ घेऊन ते हिरव्या कयाकमध्ये बसले. त्या दिवशी काही मिळालं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. पाच शनिवार त्यांना एक मासा लागला नाही. मला लागत होते, मी सोडत होते, आणि दर वेळी ते दुसरीकडे बघत. मंडळातल्या कोणीतरी विचारलं, हल्ली शनिवारी दिसत नाही, तर फोनवर बाबांनी सांगितलं, "मासे धरायला जातो. नाही, गंमत नाही. धरायलाच."

सहाव्या शनिवारी उन्हाळा लागला होता, सिकाडा सुरू झाले होते. त्यांचा दोर ताणला गेला. त्यांनी तर्जनीवरून तो घेतला, शांतपणे, हातावर हात टाकत, आणि एक चांगला मोठा बास वर आणला. ओल्या हातात धरला. बराच वेळ बघत राहिले. मी तोंड वळवलं. ते काय करतात ते मला बघायचं नव्हतं. मी कान देऊन होते. पाण्याचा आवाज आला नाही.

त्या संध्याकाळी आईने त्याचं कालवण केलं. म्हणाली, नदीचा मासा, मलेटची चव नाही याला. बाबांनी डोकं घेतलं. मी दोन तुकडे खाल्ले आणि वर कालवण मागून घेतलं. पुढच्या शनिवारी मला तीन बास मिळाले. तिन्ही मी सोडून दिले, एकेक करून, त्यांच्या डोळ्यांदेखत.